मोठी युद्धनौका बांधताना या चुका टाळा

बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या माझ्या पहिल्या प्लास्टिक मॉडेलला स्टँडवर बसवायला तळाशी दोन भोकं लागणार, हे लक्षात आलं तेव्हा डेक चिकटून झाला होता, रंग झाला होता, कठडेही लागले होते. सव्वा मीटर लांबीची ती नौका उशीवर उलटी ठेवून मी ड्रिल लावलं. मोठी डोलकाठी वाकली, डाव्या बाजूचे कठडे चुरगळले आणि आतून नट धरायला हात घालायची सोयच उरली नव्हती. किटमधला एकही भाग सदोष नव्हता. कामाचा क्रम चुकला होता.

आता सांगली-मिरजेची चार-पाच मुलं अडलेली मॉडेल्स घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचा हात चांगला असतो. अडचण असते ती कुठलं काम कधी करायचं याची. विमानाचं किट बिघडलं तर दोन आठवडे वाया जातात. १/२०० किंवा १/३५० मापाच्या युद्धनौकेत वर्षभराचं काम गुंतलेलं असतं, आणि पहिल्या महिन्यातली चूक दहाव्या महिन्यात वर येते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी घर मोजा

बिस्मार्कची लांबी २५१ मीटर, म्हणजे १/२०० मापात सुमारे १२५ सेंटीमीटर. जपानी यामातो २६३ मीटर. ती १/२०० मध्ये १३१ सेंटीमीटर होते आणि १/३५० मध्ये ७५. यात काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या पेटीचे दहा-पंधरा सेंटीमीटर धरा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या नेहमीच्या फ्लॅटच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये ७५ सेंटीमीटर बसतं, १३१ बसत नाही. जिन्याच्या वळणावर पेटी फिरते का, हेही रिकामा खोका घेऊन एकदा बघा. आणि कृष्णेकाठी तळमजल्यावर राहत असाल, तर न उघडलेली किट्सही माळ्यावर ठेवा. २०१९ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. प्लास्टिक धुऊन निघतं, पण डेकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) आणि लाकडी डेकचे पातळ स्टिकर गेले की गेलेच.

हल (नौकेचं खालचं अंग) बंद होण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे घाई करून नंतर पस्तावलेले लोक मी सगळ्यात जास्त पाहिले आहेत.

सुटे भाग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर त्यांवर राहिलेला असतो आणि रंग तिथूनच सोलतो. मग काहीही न चिकटवता हल आणि डेक टेपनं जोडून बघा. लांब हलच्या भिंती मध्यभागी आत झुकलेल्या असणं अगदी नेहमीचं आहे. बरेच जण डेक दाबून बसवतात, क्लिपा लावतात आणि गोंद ओततात. तो ताण जात नाही. पुढे कधीतरी सांधा उकलतो, बहुधा रंग पूर्ण झाल्यावर. त्यापेक्षा जाड प्लास्टिक शीटच्या आडव्या पट्ट्या कापून हलच्या आत आधार द्या, म्हणजे भिंती आपोआप डेकच्या रुंदीवर उभ्या राहतील. सव्वा मीटरच्या हलला असे सहा-सात आधार तरी हवेत. डेक कशाचीही बळजबरी न करता अलगद बसला पाहिजे, तोवर पुढे जाऊ नका.

आता ती भोकं. स्टँड कुठला हे आधी ठरवा, हलच्या मध्यरेषेवर खुणा करा, भोकं पाडा आणि आतून नट अॅराल्डाइटनं पक्के करा. नटाभोवती एम-सीलचा गोळा दाबला तर बोल्ट आवळताना नट फिरत नाही. दिवे बसवायचे असतील तर वायर बाहेर काढायची वाटही याच वेळी करा. बोल्ट एकदा लावून, हल उभी करून, सरळ बसते का ते बघून मगच डेक चिकटवा.

डेक दोन-तीन तुकड्यांत येत असेल तर सांध्यातल्या फटीत नुसती पुट्टी भरू नका. पुट्टी वाळताना आक्रसते आणि महिन्याभरात तिथे बारीक खाच दिसू लागते. रुंद फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी घाला, वरून थोडीशी पुट्टी. सुपरग्लूत टाल्कम पावडर मिसळूनही चांगली भर घालता येते, पण ती तासाभराच्या आत घासायला हवी. दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि पॉलिश पेपर आजूबाजूचं प्लास्टिकच खातो.

डावा आणि उजवा प्रोपेलर एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. अदलाबदल झाली तर ते सहज कळत नाही, पण एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही. किटमधले भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यावरून कापतानाच त्यांवर पेन्सिलनं खूण करा.

हार्डवेअरच्या दुकानातला धोका

मॉडेलचं सामान मागवायला वेळ लागतो, म्हणून जवळच्या दुकानातून एनसी थिनर आणलं जातं. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यानं मऊ पडतं, पृष्ठभाग सुरकुततो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोनही तेच करतं. पीव्हीसी पाइपचा सोल्व्हंट सिमेंट तर पातळ भिंत चक्क विरघळवतो. ब्रश आणि एअरब्रश धुवायला एनसी थिनर उत्तम आहे, पण ते मॉडेलजवळ येऊ देऊ नका. आणि काहीही फवारायचं असेल तर खिडकी उघडी आणि तोंडावर वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क, यात तडजोड नाही.

पितळी कठडे

फोटोएचचे, म्हणजे रसायनानं बारीक कोरलेले, पितळी पत्रे हे या कामातलं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात छळणारं सामान. पहिली चूक कापण्याची. मऊ कटिंग मॅटवर ब्लेड दाबलं की पत्रा खाली दबतो आणि कठडा वाकतो. काचेच्या किंवा फरशीच्या तुकड्यावर कापा. दुसरी चूक म्हणजे सगळे भाग एकदम कापून डबीत भरणं. लागेल तेवढेच कापा.

नाळेच्या (नौकेच्या पुढच्या टोकाच्या) वळणावर कठडा वळत नसेल तर तेवढाच तुकडा गॅसच्या आचेवर एक-दोन सेकंद धरा. पितळ नरम होतं आणि बोटानं सांगाल तसं वळतं. सरळ भागातल्या कठड्यांना मात्र आच देऊ नका. ते लोळागोळा होतात आणि पुन्हा ताठ होत नाहीत. रंगाआधी पत्रा व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून, धुऊन, प्रायमर मारा. नुसत्या पितळावर अॅक्रिलिक रंग टिकत नाही.

चिकटवताना माझी पसंती फेव्हिकॉलला आहे. पाण्यानं थोडा पातळ करून टोकदार काडीनं लावला की कठडा सरकवून सरळ करायला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि वाळल्यावर तो दिसत नाही. नंतर मोजक्या ठिकाणी सुपरग्लूचा टाचणीएवढा थेंब द्या. सुपरग्लू जास्त झाला आणि हवा खेळती नसली तर काळ्या रंगावर आणि खिडक्यांच्या पारदर्शक भागांवर पांढरी बुरशीसारखी झाक येते. ती आलीच तर ग्लॉस व्हार्निशचा हात बऱ्याचदा ती झाकतो.

चिमट्यासाठी सांगलीकरांनी दूर जायची गरज नाही. सराफ कट्ट्यावरच्या कारागिरांकडे जे बारीक चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग असतं, त्यांची तोड नाही. कुठून घेतले ते त्यांना विचारा. क्रेन किंवा रडारची जाळी यांसारखे ताण घेणारे भाग डाग देऊन (सोल्डर करून) कसे जोडायचे, तेही मी एका सोनारकाकांच्या शेजारी बसूनच शिकलो.

आणि कठडे अगदी शेवटी. बोटी, तोफा, डोलकाठ्या लागल्यावर, कडेला हात टेकायची वेळ संपल्यावर.

तोफांच्या नळ्यांबद्दल थोडक्यात: रेझिनच्या नळ्या आपल्या मे महिन्यात वाकतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात, पण पुन्हा वाकतात. पितळी नळ्या घ्या किंवा लेथवर करून घ्या. कुपवाड एमआयडीसीत बारीक काम करणारी माणसं आहेत, फक्त माप नीट द्या. बिस्मार्कच्या मुख्य तोफा ३८ सेंटीमीटरच्या, म्हणजे १/२०० मध्ये तोंडाचं भोक १.९ मिलिमीटर. यामातोच्या ४६ सेंटीमीटरच्या तोफांचं १/३५० मध्ये १.३ मिलिमीटर.

पाऊस, ऊन आणि पाण्याची रेघ

जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर रंग मारल्यावर पृष्ठभाग दुधाळ झाला तर रंगाला दोष देऊ नका. थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली आर्द्रता त्यावर धरते. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, पाऊस थांबलेला असताना मारा आणि कॉम्प्रेसरचा वॉटर ट्रॅप दर पंधरा मिनिटांनी रिकामा करा. आधीच दुधाळ झालेल्या भागावर सावकाश उडणाऱ्या थिनरचा पातळ हात दिला की तो बराचसा निवळतो. मे महिन्यात उलटं होतं. अॅक्रिलिक रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, एअरब्रशच्या सुईच्या टोकावर गुठळी होते. तेव्हा सकाळी सातच्या आत काम उरका आणि रंगात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घाला.

पाण्याच्या पातळीची काळी पट्टी वाकडी आली तर अख्खी नौका वाकडी दिसते. नजरेनं टेप लावू नका. मॉडेल स्टँडवर ठेवा, गवंड्याची पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट करा, लाकडी ठोकळ्यावर आडवी पेन्सिल बांधा आणि ठोकळा टेबलावरून सरकवत हलभोवती रेघ ओढा. आधी रुंद काळा पट्टा मारा, हव्या त्या जाडीची टेप रेघेवर बसवा, मग खाली लाल, वर करडा. टेपची कड नखानं दाबा. काढताना टेप स्वतःवरच दुमडत हळू ओढा.

गंजाचे ओघळ कमी ठेवा. नांगराच्या भोकाखाली थोडे शोभतात. बाकी युद्धनौकेवर रंगकाम सतत चालू असतं.

दिवस कोणता, हे ठरवा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. नौका एका ठरावीक दिवशी कशी दिसत होती ते ठरवल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नका. बिस्मार्कच्या हलवरचे काळे-पांढरे तिरपे पट्टे मोहक आहेत, म्हणून सगळे ते रंगवतात आणि खाली पाटी लावतात: ब्रिटिश युद्धनौका हूडशी लढताना, २४ मे १९४१. पण ते पट्टे त्याआधीच, २१ मे रोजी नॉर्वेत थांबली असताना, करड्या रंगाखाली झाकले होते.

आपल्या विक्रांतचं तसंच. १९६१ मध्ये नौदलात आलेल्या आणि ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालेल्या जुन्या विक्रांतचं १९७१ च्या युद्धातलं रूप करायचं असेल, तर डेकवर सी हॉक आणि अलिझे विमानं हवीत आणि पुढे चढती स्की-जंप नको. ती बऱ्याच वर्षांनी सी हॅरिअरसाठी बसवली. एका मुलानं मन लावून हे मॉडेल केलं होतं आणि त्यावर राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी निशाणी असलेला नौदलाचा ध्वज लावला होता. तो ध्वज २ सप्टेंबर २०२२ चा, नवी विक्रांत कोचीत दाखल झाली त्या दिवसाचा. १९७१ मध्ये पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा असे.

आमच्या बिल्डिंगमध्ये नौदलातून निवृत्त झालेले एक काका आहेत. माझं मॉडेल बघायला आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे, ही बोट चालू आहे का बंदराला लागलीय?"

मी म्हटलं, "चालू आहे, काका."

"मग नाळेवर हा छोटा झेंडा कशाला? तो नांगर टाकल्यावर. आणि चालत्या बोटीचा मोठा ध्वज मागच्या काठीवर नाही, वर डोलकाठीच्या गॅफवर, त्या तिरप्या दांड्यावर." थोडं वाकून ते पुढे म्हणाले, "आणि ही साखळी कुठे जाते?"

मी नांगराची साखळी डेकवर आणून तशीच संपवली होती. ती कॅपस्टनला (साखळी ओढणाऱ्या फिरत्या खांबाला) वळसा घालून डेकमधल्या भोकातून खाली साखळीच्या कोठीत उतरायला हवी. त्या दिवसापासून दोरी, साखळी, शिडी असं काहीही लावताना ते कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, हे मी आधी जुन्या फोटोत बघतो.

दोऱ्या आणि तारा

शिवणाचा दोरा वापरू नका. तो साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो. १/३५० मापात ही सात सेंटीमीटर जाडीची अँटेना झाली, शिवाय त्यावर तंतू निघतात आणि धूळ धरते. १/२०० मापासाठी मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ४० गेजची तांब्याची तार चांगली चालते. तिची जाडी ०.१२ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापात अडीच सेंटीमीटरच्या आसपास. लहान मापाला किटच्याच फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढलेला धागा सगळ्यात बारीक.

सुरुवात मधून करा, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूच्या सगळ्या तारा आधी ओढल्या की डोलकाठी तिकडे कलते आणि पहिल्या तारा सैल पडतात. ओढलेल्या प्लास्टिकचा धागा थोडा सैल राहिला तर पेटती उदबत्ती त्याच्या खाली, न टेकवता, जवळ न्या. धागा डोळ्यांदेखत ताठ होतो. अर्धा सेंटीमीटर जास्त जवळ गेलात तर तुटतो, म्हणून आधी फ्रेमवर ताणलेल्या फालतू धाग्यांवर दहा-बारा वेळा हात बसवून घ्या, आणि पंखा बंद ठेवा.

पेटीची उंची मोजायची ती सगळ्यात वरची अँटेना लागल्यावरच.