एचआयव्ही रिसर्चमध्ये स्टॅटचं काम करायचंय? आधी व्हायरल लोडचा रकाना नीट बघा

एमएस्सी स्टॅट झालेली बरीच मुलं-मुली विचारतात, आर (स्टॅटचं सॉफ्टवेअर) येतं, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस येतं, आता एचआयव्हीच्या प्रोजेक्टमध्ये शिरायला अजून कोणता कोर्स करू? माझं सरळ म्हणणं आहे की कोर्स बास झाले. एखाद्या एआरटी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या) सेंटरवर परवानगी घेऊन चार दिवस बसा, व्हाइट कार्ड (सेंटरवरची पेशंटची नोंद) कसं भरतात ते बघा, ग्रीन बुक (पेशंटकडची पुस्तिका) हातात घेऊन बघा. सर्टिफिकेटांचा ढीग घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात घाम फुटतो तो गणितामुळे नाही, डेटामुळे.

आणि त्यातही मला सगळ्यात जास्त रडवलंय ते व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याच्या रकान्याने, म्हणून त्यावर जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तरी वाचा. एका पेशंटच्या पाच व्हिजिट समजा. पहिल्या व्हिजिटला 85000 कॉपीज, दुसऱ्याला 620, तिसऱ्याला "<40", म्हणजे टेस्ट मोजू शकते त्या लिमिटच्याही खाली, चौथ्याला "टीएनडी" म्हणजे टार्गेट (व्हायरस) सापडलंच नाही, आणि पाचवा सेल रिकामा. आता हा रकाना तुम्ही आरमध्ये न्यूमेरिक केला की काय होतं? पहिले दोन आकडे राहतात, बाकी तिन्ही एनए, म्हणजे माहितीच नाही. एक वॉर्निंग येते, ती कुणी वाचत नाही, आणि या पेशंटची शेवटची व्हॅल्यू 620 म्हणून पुढे जाते. खरं तर त्याला औषध उत्तम लागू पडलंय! आणि ज्याचा व्हायरस दबलेलाच नाही त्याचे पाचही आकडे शाबूत असतात. म्हणजे औषध लागू पडलेले लोक हिशोबातून बाहेर आणि न लागलेले आत. अशा डेटावर सरासरी काढली की चांगलं औषध वाईट दिसणारच.

मग काही जण "<40"च्या जागी शून्य टाकतात. शून्याचा लॉग घ्या, उणे अनंत येतं, आणि व्हायरल लोड तर आपण लॉग टेनवरच बघतो. काही जण लिमिटच्या निम्मे, म्हणजे 20 टाकतात. अशा व्हॅल्यू मोजक्या असतील तर चालतं, पण चांगल्या चाललेल्या कोहोर्टमध्ये (एकत्र पाठपुरावा केलेल्या पेशंटच्या गटात) बहुतेक लोक लिमिटच्या खालीच असतात, तिथे सगळ्यांना एकच आकडा दिला तर स्टँडर्ड डेव्हिएशन खोटंच लहान होतं. तिथे लेफ्ट सेन्सॉरिंगचं (खरा आकडा लिमिटच्या खाली कुठेतरी आहे असं धरणारं) मॉडेल घ्या, नाहीतर साधा प्रश्न विचारा की पेशंट 1000 कॉपीजच्या खाली आहे की नाही. डब्ल्यूएचओही सप्रेशनसाठी, म्हणजे व्हायरस दबलाय असं म्हणायला, हीच रेषा धरते. फक्त ही रेषा डेटा उघडायच्या आधी अ‍ॅनालिसिस प्लॅनमध्ये लिहिलेली पाहिजे, निकाल बघून रेषा सरकवणं मला अजिबात मान्य नाही, गाइड कितीही मोठे असोत.

अजून एक. जुन्या टेस्टचं लिमिट 400 असायचं, नंतरच्या मशीनचं 50, 40, 20. म्हणजे 150 कॉपीजवाला माणूस तेव्हा "अनडिटेक्टेबल" होता आणि मशीन बदलल्यावर अचानक "डिटेक्टेबल" झाला, माणूस तोच आणि औषधंही तीच. त्यामुळे डेटाबेस बनवताना, रेडकॅप (रिसर्चचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर) असो की दुसरं काही, चिन्ह वेगळं, आकडा वेगळा, टेस्टचं लिमिट वेगळं, आणि रिझल्ट नसेल तर का नाही याचा ड्रॉपडाउन वेगळा ठेवा. रिकाम्या सेलमागे सॅम्पल रिजेक्ट झालं असेल, किट संपलं असेल, पेशंट ट्रान्सफर आउट झाला असेल, वारला असेल, किंवा एन्ट्री करणाऱ्याने "काही सापडलं नाही" म्हणून सेल तसाच सोडला असेल. ही पाच वेगवेगळी उत्तरं आहेत आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती ओळखून देणार नाही.

घाबरू नका, गणित म्हणून यात अवघड काही नाही. विचारायची सवय लागली की होतं. आणि विचारायचं कुणाला? माझ्या मते या कामातले खरे गुरू म्हणजे डेटा एन्ट्री ऑपरेटर आणि काउन्सेलर. "तू फक्त पी व्हॅल्यू काढून दे" म्हणणाऱ्या सिनियरकडे वर्षभर राहूनही काही शिकायला मिळत नाही.

एलएफयूचंही (लॉस्ट टू फॉलो-अप) तसंच. यायचा बंद झालेला पेशंट आपण सेन्सॉर करून, म्हणजे तिथवरचाच हिशोब धरून मोकळे होतो, पण कॅप्लान-मायर (सर्व्हायव्हलचा कर्व्ह काढायची पद्धत) धरून चालतं की गेलेला आणि राहिलेला सारखेच. आफ्रिकेतल्या एआरटी प्रोग्रॅममध्ये अशा पेशंटचा माग काढला तेव्हा त्यातले बरेच जण वारलेले निघाले. एवढं लक्षात ठेवलंत तरी सर्व्हायव्हलचा सुंदर कर्व्ह बघून हुरळून जाणार नाही. तसंच आपल्याकडे 2004 ला मोफत एआरटी सुरू झालं तेव्हा सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) खूप खाली गेल्यावर औषध मिळायचं, 2017 पासून ट्रीट ऑल, म्हणजे सीडीफोर कितीही असो सगळ्यांना औषध, आलं, म्हणून 2006 चा पेशंट आणि 2019 चा पेशंट सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका.

आपल्या या कामाला इन्फर्मॅटिक्सही म्हणतात. ते म्हणजे नुसतं डेटाबेस सांभाळणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एचपीटीएन 052 हा अभ्यास वाचावा, त्यात औषध लवकर आणि उशिरा सुरू करण्याची तुलना होती, आणि आपलं पुणंही एक साइट होतं. 1763 जोडपी, एक जोडीदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. 2011 च्या निकालात 39 जणांना नव्याने लागण झाली होती, पण व्हायरसचे सिक्वेन्स (जनुकीय क्रम) जुळवल्यावर कळलं की त्यातल्या 28 च जणांना ती आपल्या जोडीदाराकडून झालीय, आणि त्या 28 पैकी फक्त एक जण लवकर औषध सुरू केलेल्या गटातला. लवकर औषधाने जोडीदाराला लागण होण्याचा धोका 96 टक्क्यांनी कमी होतो हा आकडा तिथूनच आला. सिक्वेन्स जुळवणारं कुणी नसतं तर उरलेल्या लागणीही जोडीदाराच्याच नावावर धरल्या गेल्या असत्या आणि आकडा खाली आला असता.

आता एक कडक सूचना. नाव काढलं म्हणजे डेटा निनावी झाला असं नाही. छोट्या तालुक्यात गाव, वय, "ड्रायव्हर" आणि बायकोची डिलिव्हरीची तारीख एवढ्यावर माणूस ओळखता येतो. 2017 चा एचआयव्ही कायदा संमतीशिवाय स्टेटस उघड करायला मनाई करतो. एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, घरच्या लॅपटॉपवर ठेवायची नाही, सरांनी घाई केली तरी नाही. यात सवलत नाही!

नोकरीचं म्हणाल तर बहुतेक जागा प्रोजेक्टवरच्या, कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं, फंडिंग संपलं की पुढचं शोधायचं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पण काम शिकलेला माणूस रिकामा बसलेला मी तरी बघितलेला नाही, टीबीवाले, कॅन्सरवाले सगळ्यांनाच अशी माणसं हवी असतात. इंटरव्ह्यूला गेलात की डेटा डिक्शनरी (प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहिलेली यादी) बघायला मागा, आणि ती कोण सांभाळतं तेही विचारा. "अजून बनवलेली नाही" असं उत्तर आलं तर पहिले काही महिने तुम्हाला तेच काम करावं लागणार हे धरूनच हो म्हणा.