हेडलाईटचा बल्ब घरी बदलताना क्लिपकडे लक्ष द्या

जुन्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सारख्या गोल हेडलाईटच्या गाडीत एच-४ बल्ब असतो, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, म्हणजे अप्परला (दूरच्या उजेडाला) ६०, डिपरला (जवळच्या उजेडाला) ५५. नवा घ्याल तो याच वॅटचा, पण चांगल्या प्रतीचा हॅलोजन घ्या. १००/९० चा बल्ब कुणी कितीही आग्रहाने दिला तरी नको. ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८ च्या वर, आणि मूळ वायरिंग तेवढ्यासाठी नसतं. रिले (दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) न टाकता मी तो लावला होता. होल्डर तपकिरी पडून वितळला आणि ताम्हिणी घाटात ऐन वळणावर अंधार झाला.

बल्ब काढण्याआधी गाडी सपाट जागी भिंतीसमोर लावा आणि डिपरच्या उजेडाची वरची कड खडूने आखून ठेवा. गाडी कुठे उभी होती तीही खूण करा.

रिंगचा खालचा स्क्रू सोडवा, दिवा पुढे घ्या, कपलर (बल्बमागचा वायरचा प्लग) सरळ मागे ओढा, बल्बमागचं रबरी झाकण काढा.

आता बल्ब धरून ठेवणारी तारेची क्लिप. ती आधी आत दाबायची, मग बाजूला सरकवून खाचेतून सोडवायची. पक्कड लावून ओढू नका. एकदा वाकली की तिची पकड जाते आणि बल्ब खड्ड्याखड्ड्याला हलत राहतो.

बल्बला तीन कान असतात, रुंद कान वर. काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट डाग तापून काच लवकर जाते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. तिन्ही कान खाचेत सपाट बसले की बल्ब फिरत नाही. बोटांनी हलकेच फिरवून बघा, मगच क्लिप लावा, कारण बल्ब तिरका असला तरी क्लिप बसते. मी इथेच फसलो होतो. घरी उजेड झकास दिसला, पण रस्त्यावर समोरचा प्रत्येक जण दिवे उघडझाप करून इशारा करत होता. बल्बच्या आत डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. बल्ब तिरका बसला की हे गणित बिघडतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. घाटात त्याला कठडा दिसेनासा होतो.

रबर कडेपर्यंत नीट दाबा, नाहीतर पावसाचं पाणी आत जातं.

गाडी पुन्हा त्याच खुणेवर उभी करा. उजेडाची कड खडूच्या रेघेवर आली नाही, तर दिव्याचा रोख बदलणाऱ्या ॲडजस्टिंग स्क्रूला हात लावू नका. क्लिप उघडा आणि बल्ब परत बसवा.