बारावीच्या केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट शिकवताय? फळा बाजूला ठेवा, व्हेस्टा उघडा

फळ्यावर क्यूब काढला की अर्ध्या पोरांना पुढचा कोपरा कुठला नि मागचा कुठला हेच कळत नाही, मग आपण म्हणतो पाठ करा, एफसीसीत (कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध अणू असलेल्या क्यूबमध्ये) ४ अणू. त्यापेक्षा व्हेस्टा घ्या. स्फटिकातले अणू थ्रीडीत दाखवणारं, जपानच्या मोम्मा आणि इझुमी यांचं सॉफ्टवेअर, शिकवण्यासाठी फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

नेटवरची तयार फाइल लगेच उघडू नका. फाइल मेनूतून न्यू स्ट्रक्चर घ्या, युनिट सेलच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान ठोकळा) टॅबमध्ये स्पेस ग्रुप (सिमेट्रीचा प्रकार) २२५, ए ची म्हणजे क्यूबच्या कडेची किंमत ३.६१५ अँगस्ट्रॉम, मग स्ट्रक्चर पॅरामीटर्समध्ये तांब्याचा एकच अणू, एक्स वाय झेड तिन्ही शून्य. ओके दाबलं की स्क्रीनवर १४ अणू! इथे थांबा आणि विचारा, टाकला एक, बाकीचे १३ आले कुठून? (स्पेस ग्रुप म्हणजे काय ते आत्ता समजावत बसू नका, सिमेट्रीने आले एवढं पुरे.)

आता खरी गंमत. बाउंड्रीमध्ये (कुठपर्यंतचे अणू दाखवायचे ती हद्द) जाऊन तिन्ही मॅक्स १ चे ०.९९ करा. समोरच्या बाजूचे, म्हणजे शेजारच्या सेलच्या वाट्याचे अणू गायब, उरतात बरोब्बर ४. लोखंड करा, २२९ आणि २.८७, तिथे ९ चे २ होतात, पोलोनियम २२१ आणि ३.३६, ८ चा १. एवढं बघितल्यावर एक अष्टमांशचा हिशोब (कोपऱ्यातला अणू आठ सेलमध्ये वाटला जातो) पोरं स्वतःच मांडतात, निदान वर्गातली चारदोन तरी.

मग स्पेस फिलिंग स्टाइल लावा. तांब्याचे अणू कडेवर चिकटत नाहीत, फेसच्या कर्णावर चिकटतात, लोखंडाचे बॉडीच्या कर्णावर, हे डोळ्यांनी दिसलं की तांबं, लोखंड, पोलोनियम यांच्या सेलमधली अणूंनी भरलेली जागा, ७४, ६८ आणि ५२.४ टक्के, काढायला सूत्र आपोआप सुचतं.

मीठ सगळ्यात शेवटी, क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवरून त्याची सीआयएफ फाइल (स्फटिकाच्या रचनेची तयार फाइल) फुकट मिळते. फक्त बाँड्सच्या सेटिंगमध्ये बाउंड्रीबाहेरचे अणू शोधू नको असं सांगा, नाहीतर सेलबाहेरचे अणूही दिसायला लागतात आणि मोजणी चुकते.

आणि सीझियम क्लोराइडला बीसीसी (लोखंडासारखं, कोपऱ्यांवर आणि मधोमध तोच अणू) म्हणू नका हो, गाइडात सर्रास लिहिलेलं असतं! मधला अणू वेगळा आहे, म्हणून लॅटिस (सारख्या जागांची जाळी) सिंपल क्यूबिकच, म्हणजे फक्त कोपऱ्यांचीच. पटत नसेल तर सीझियम क्लोराइडच्या फाइलमध्ये क्लोरीनच्या जागीही सीझियम टाकून बघा, तेव्हा होतो तो बीसीसी.