स्वतःच्या जगण्यावर वेबकॉमिक कसे करावे

वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने प्रसिद्ध होणारी चित्रमालिका, सुरू करू पाहणाऱ्या बहुतेकजणी आधी साधनांची चौकशी करतात. कोणता टॅबलेट घ्यावा आणि कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. माझ्या मते ही चौकशी सर्वांत शेवटी केली तरी चालते, कारण मालिका बंद पडते ती साधनांअभावी क्वचितच. सुरुवातीला ठरवलेला आकार आपल्या आठवड्यात मावत नाही, म्हणून ती बंद पडते. त्यामुळे पुढील सर्व पायऱ्यांमध्ये एकच कसोटी लावावी, ती म्हणजे ठरवलेली गोष्ट आपल्या हाती असलेल्या वेळात वर्षभर निभेल का.

छापील व्यंगचित्रांच्या जगात स्त्रियांना ही कसोटी लावण्याची संधीही सहज मिळत नसे. अमेरिकेत डेल मेसिक यांनी दालिया हे मूळ नाव बदलले, कारण स्त्रीचे नाव पाहूनच संपादक चित्रे बाजूला ठेवत. त्यानंतर १९४० मध्ये त्यांची स्त्री पत्रकारावरची चित्रमालिका वृत्तपत्रात सुरू झाली. फ्रान्समधील अँगुलेम या कॉमिक्स महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्कारासाठी २०१६ मध्येसुद्धा तीस नावांची यादी जाहीर झाली आणि तीत एकही स्त्री नव्हती. इंटरनेटवर असा दारावरचा पहारेकरी नाही. मात्र त्याच्याबरोबर संपादक, मुद्रितशोधक, मांडणीकार आणि पगारपत्रकही गेले, आणि ही सारी कामे आता एकाच बाईच्या टेबलावर येऊन पडतात.

वेळ मोजणे

प्रथम चार चौकटींचे दोन-तीन भाग कोठेही प्रसिद्ध न करता केवळ चाचणी म्हणून पूर्ण करावेत. लेखन, कच्चे रेखाटन, शाई (म्हणजे त्यावरच्या पक्क्या रेषा), रंग, अक्षरे आणि अपलोड या प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ वेगळा टिपून ठेवावा, आणि ज्या भागाला सर्वांत जास्त वेळ लागला तोच माप म्हणून धरावा. समजा, त्या भागाला सहा तास लागले आणि आठवड्यात आपल्याकडे चारच तास मोकळे आहेत. अशा वेळी झोप कमी करण्याचा बेत आखू नये. रंग वगळावेत, चौकटी कमी कराव्यात किंवा पंधरवड्याने एक भाग द्यावा.

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. नोकरी, घर आणि माणसे सांभाळणाऱ्या स्त्रीच्या दिवसात वेळ असतो, पण तो तुकड्यांत असतो. प्रसंग टिपणे, संवाद कापणे आणि काडीच्या आकृत्यांनी चौकटींची मांडणी करून पाहणे ही कामे अशा तुकड्यांत उत्तम होतात, आणि त्यांना एक वही व पेन्सिल पुरते. शाई आणि रंग यांना मात्र सलग बैठक लागते, कारण दर वीस मिनिटांनी उठावे लागले तर रेषेचा जोर बदलतो. म्हणून सलग मिळणारे दोन तास विचार करण्यात घालवू नयेत. त्या वेळी समोर शाई करण्याजोगे तयार रेखाटन असलेच पाहिजे.

आकार ठरवणे

सर्वसाधारणपणे तीन आकार प्रचलित आहेत: समाजमाध्यमांवर बोटाने बाजूला सरकवत वाचायच्या सुट्या चौकटी, मोबाइलवर खाली सरकत जाणारी लांब पट्टी आणि पुस्तकासारखे पूर्ण पान. पहिल्या प्रकारात प्रत्येक सरकवणे हे पान उलटण्यासारखे असते, त्यामुळे विनोदाची कलाटणी पुढच्या चौकटीआड लपवता येते. लांब पट्टीत दोन चौकटींमधले अंतर हेच काळाचे माप होते. दीर्घ शांतता दाखवायची असेल तर केवळ मोकळी जागा वाढवावी, वाचकाचा अंगठा तितका वेळ सरकत राहतो. पडद्याला पानासारखी कड नसते आणि कथा कितीही खाली वा बाजूला वाढू शकते, ही कल्पना अमेरिकी कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० मध्येच मांडली होती. लांब पट्टीच्या मालिका तीच वापरतात. पूर्ण पान दिसायला सुंदर असते, पण मोबाइलवर ते मोठे करून वाचावे लागते. नवख्या व्यक्तीने सुट्या चौकटींपासून सुरुवात करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

पडद्यासाठी १०८० पिक्सेल रुंदी पुरते, परंतु चित्र त्याच मापात काढू नये. छपाईसाठी रंगीत चित्राला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे १०८० पिक्सेलचे चित्र कागदावर जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद होते. पुढे पुस्तक निघण्याची शक्यता दूरची वाटली तरी सुरुवातीपासून दुप्पट किंवा तिप्पट मापात काम करावे आणि पडद्यासाठी लहान प्रत काढावी, कारण लहान काढलेले चित्र नंतर मोठे केले की रेषा फुटतात.

आपले आणि आपल्या माणसांचे पात्र

स्वतःचे पात्र काढताना आरशाशी साम्य शोधू नये. केसांचा आकार, चष्मा, एखादा ठरलेला पोशाख अशा दोन-तीन खुणा निवडाव्यात. संपूर्ण आकृती काळी भरली तरी ती ओळखू आली पाहिजे. मग तेच पात्र समोरून, बाजूने, पाठमोरे, बसलेले, रडणारे आणि चिडलेले असे एका कागदावर काढून तो कागद कायम समोर ठेवावा. हे पात्र शेकडो वेळा काढायचे असते, म्हणून त्याच्या कपड्यांवर नक्षी काढण्याचा मोह टाळावा. एक मत येथे नोंदवते. स्वतःच्या शरीराची टिंगल हा आत्मकथनपर कॉमिक्समधला सर्वांत सोपा विनोद असल्यामुळे तो लवकर झिजतो, आणि वाचकांना एकदा त्याची सवय लागली की प्रतिक्रियांमध्ये तेही तीच टिंगल करू लागतात.

आपल्या जगण्यात इतर माणसे असतातच आणि त्यांनी कॉमिकमध्ये येण्यास होकार दिलेला नसतो. जोडीदार, आईवडील, मैत्रीण किंवा वरिष्ठ यांपैकी कोणीही ओळखू येण्याजोगे दिसणार असेल, तर प्रसिद्धीपूर्वी त्यांना तो भाग दाखवावा. विचारणे शक्य नसेल तर दोन व्यक्तींचे एक पात्र करावे, नाते बदलावे, व्यवसाय बदलावा. मुलांबाबत अधिक कडक राहावे, कारण आजचा गोड प्रसंग मूल पंधरा वर्षांचे झाल्यावरही नेटवर असेल. त्यांचे खरे नाव, चेहरा आणि शाळा कधीही दाखवू नये. कालचे भांडण आज कॉमिकमध्ये आणू नये, हाही नियम पाळण्यासारखा आहे. महिनाभराने त्यात विनोद उरला असेल तरच ते वापरावे.

लेखन

रोज एक प्रसंग एका ओळीत टिपावा आणि त्याखाली दोन गोष्टी लिहाव्यात: कोण काय बोलले, आणि त्या वेळी आपल्या मनात काय आले. या दोन्हींत जितकी तफावत, तितका प्रसंग कॉमिकसाठी चांगला. त्यानंतर शेवटची चौकट प्रथम लिहावी आणि तेथवर पोहोचण्यासाठी कमीत कमी काय दाखवावे लागेल याचा उलट विचार करावा.

एक उदाहरण घेऊ. नायिका टेबलाशी चित्र काढते आहे आणि दारातून कोणीतरी विचारते, “कामात आहेस का?” ती म्हणते, “हो.” दुसऱ्या चौकटीत ती व्यक्ती म्हणते, “म्हणजे चित्रच काढते आहेस ना?” तिसऱ्या चौकटीत कोणीच बोलत नाही, फक्त नायिकेचा हात थांबलेला दिसतो. चौथ्या चौकटीत ती मान न वळवता म्हणते, “हो. जरा तसेच दारात उभे राहा, हातांची ठेवण जमत नाहीये.” येथे घरकाम आणि कलेची प्रतिष्ठा यांविषयीचे भाषण दुसऱ्या चौकटीत घुसवण्याची इच्छा होते, आणि पहिल्या खर्ड्यात ते बहुधा असतेही. ते काढून टाकावे, कारण तिसऱ्या चौकटीतली शांतता वाचक स्वतः भरून काढतो. मोबाइलवर एका चौकटीत वीस-पंचवीस शब्दांहून अधिक मजकूर आला की डोळा चित्रावरून घसरतो. तेवढ्यात न मावणारा संवाद दोन चौकटींत विभागावा किंवा कापावा.

मांडणी आणि अक्षरे

अक्षरे शेवटी बसवण्याची प्रथा घातक आहे. कच्च्या रेखाटनातच आधी संवादाचे फुगे मांडावेत आणि उरलेल्या जागेत पात्रे उभी करावीत, अन्यथा फुगा एखाद्याच्या डोक्यावर किंवा हातावर बसतो. वाचन डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली होत असल्यामुळे प्रथम बोलणारे पात्र शक्यतो डावीकडे उभे असावे. दोघांचे फुगे एकाच उंचीवर ठेवू नयेत.

देवनागरीत मजकूर असणाऱ्यांनी येथे जास्त वेळ द्यावा. आपल्या मात्रा आणि वेलांट्या ओळीच्या वर जातात, तर उकार आणि ऋकार खाली लोंबतात. त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर ठेवले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अंतर वाढवावे आणि फुगाही त्या मानाने उंच ठेवावा. काही चित्रकला सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. म्हणून ‘किल्ल्यावरच्या पायऱ्या’ अशासारखे शब्द टाइप करून आधी तपासावे; ते बिघडले तर मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये तयार करून चित्र म्हणून आणावा. हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. इतर कोणताही फॉन्ट वापरण्यापूर्वी त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो का ते वाचावे. मजकुराचा लेअर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला चित्राचा थर, नेहमी वेगळा ठेवावा, कारण शुद्धलेखनाची चूक प्रसिद्धीच्या दिवशीच सापडते.

शाई आणि रंग

रेखाटन, शाई, सपाट रंग, छाया आणि अक्षरे यांचे लेअर वेगळे असावेत. क्रिता हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. क्लिप स्टुडिओ पेंट आणि प्रोक्रिएट विकत घ्यावी लागतात. अमेरिकी वेबकॉमिककार ॲली ब्रॉश यांनी २००९ मध्ये सुरू केलेले काम अगदी प्राथमिक, मोफत चित्रप्रोग्राममध्ये काढलेले आहे, आणि त्या ओबडधोबड रेषांमधूनच त्यांनी नैराश्यासारखा अवघड विषय मांडला. मालिकेसाठी चार-पाच रंग ठरवून टाकावेत. चित्र करड्या रंगात पाहिल्यावरही पात्र पार्श्वभूमीपासून सुटे दिसते का, हे तपासले म्हणजे झाले.

प्रसिद्धी

पहिला भाग टाकण्याआधी किमान पाच-सहा भाग तयार असावेत, कारण आजारपण, परीक्षा किंवा घरातले कार्य ही मालिकेच्या वेळापत्रकाला विचारून येत नाहीत. हा साठा दोनवर आला की सुट्टी जाहीर करावी. आधी सांगून घेतलेली सुट्टी वाचक सहज स्वीकारतात. समाजमाध्यमांबरोबर स्वतःचे संकेतस्थळ किंवा ईमेल यादी ठेवावी, म्हणजे एखाद्या मंचाने नियम बदलले तरी वाचक हातचे जात नाहीत. स्वाक्षरी चौकटीच्या आत, चित्राचाच भाग म्हणून करावी, कारण इतर लोक चित्र उचलताना कडा कापतात. दृष्टिहीन वाचकांसाठी प्रत्येक चित्राला दृश्य आणि संवाद सांगणारे वर्णन जोडावे. मूळ फाइलींच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी.

खरे नाव की टोपणनाव, हा निर्णय पहिल्या भागापूर्वीच घ्यावा, कारण उघड झालेले नाव परत झाकता येत नाही. स्त्रीच्या कामावर येणाऱ्या प्रतिक्रिया पुष्कळदा कामाऐवजी तिच्यावर असतात. अश्लील आणि धमकीवजा शब्दांची गाळणी आधीच लावून ठेवावी, वाईट दिवसांत विश्वासातल्या व्यक्तीला प्रतिक्रिया वाचायला सांगावे, आणि धमकी आल्यास ती पुसण्यापूर्वी तारखेसह तिचे छायाचित्र जपून ठेवावे. आपण या क्षणी कोठे आहोत हे दाखवणारा भाग तेथून निघाल्यानंतरच टाकावा.

पैसा आणि करार

उत्पन्न सहसा वाचकांची वर्गणी, छापील प्रती, मागणीनुसार केलेली चित्रे आणि पुस्तक अशा अनेक लहान वाटांनी येते, आणि पहिल्या वर्षी ते आलेच पाहिजे असे गणित मांडू नये. कॅनडाच्या कॉमिक्सकार केट बीटन यांनी तेलखाणींच्या प्रदेशात काम केल्याचे अनुभव २०१४ मध्ये कच्च्या रेखाटनांच्या रूपात नेटवर मांडले, आणि त्यांचे सविस्तर पुस्तक २०२२ मध्ये आले. दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या रेचेल स्माइथ यांची २०१८ मध्ये सुरू झालेली लांब पट्टीची मालिका एका मोठ्या मंचाने दर आठवड्याला चालवली आणि तिला २०२२ मध्ये कॉमिक्ससाठी दिला जाणारा अमेरिकेतला आयझनर पुरस्कार मिळाला. दर आठवड्याची अशी गती एकटीने पेलण्याचा विचार करू नये.

बर्न करार या स्वामित्वहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार चित्राचा स्वामित्वहक्क ते निर्माण होताच आपोआप मिळतो. त्यामुळे मंचाचा किंवा प्रकाशकाचा करार वाचताना आपण हक्क कायमचा देत आहोत की केवळ मर्यादित वापराची परवानगी, हे प्रथम पाहावे. त्यानंतर मुदत, भाषा, छपाई, चित्रपट आणि वस्तूंवरील वापर यांचा प्रत्येकी वेगळा उल्लेख आहे का, आणि मालिका थांबल्यास हक्क परत येतात का, हे तपासावे. ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी जाणकार वकिलाला कागद दाखवावा.

पहिले सत्र

मालिका अमर्याद सुरू करण्यापेक्षा बारा भागांचे एक सत्र आखावे. बैठकीत मनगट आणि खांदे अधूनमधून मोकळे करावेत. दुखू लागल्यावरही रेषा ओढत राहिल्यास दुखणे महिनोन् महिने टिकते. सत्र संपल्यावर पुन्हा तीच वेळेची नोंदवही उघडावी आणि कोणता टप्पा अंदाजापेक्षा जास्त वेळ खात होता ते पाहावे. बहुधा तो पार्श्वभूमीचा असतो. पुढच्या सत्रात पार्श्वभूमी केवळ पहिल्या चौकटीत काढावी, उरलेल्या चौकटींत सपाट रंग ठेवावा, आणि मगच नवीन सहा भागांचा साठा करायला घ्यावा.