आधी धूर, मग प्लास्टिक: गावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या हृदयासाठी घरात काय बदलावं

कोकणातल्या कितीतरी घरांत आता फक्त म्हातारी माणसं उरली आहेत. गणपतीला, शिमग्याला घरी आलं की आपण बीपीच्या गोळ्या आहेत ना, साखर तपासली ना, एवढं विचारतो. त्याच मुक्कामात घरातून एक फेरी मारावी आणि रोज नाकातोंडावाटे काय आत जातंय ते बघावं. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठ होतात, मूत्रपिंडांचं काम मंदावतं. तरुणपणी सोसलं ते या वयात हृदयाला सोसवत नाही.

फेरी न्हाणीपासून सुरू करा. स्वयंपाकाला गॅस आला तरी बऱ्याच घरांत आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, आणि पहाटे उठून ती पेटवणारी बहुधा आईच असते. लाकडाच्या धुरातले बारीक कण फुप्फुसांत खोल जातात, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते आणि रक्तात गुठळी लवकर धरते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. वाहिन्या आधीच अरुंद असतील तर छातीत कळ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, आणि त्यातले जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू हृदयविकाराचे होते.

चूल एका दिवसात सुटणार नाही, पण धूर कमी करता येतो. मे महिन्यातच लाकडं, करवंट्या, सोडणं (नारळाच्या वरची तंतूंची सालं) वाळवून पडवीत आडोशाला रचून ठेवा. ओलं सोडण तासभर नुसतं धुमसतं, आणि ते पेटत नाही म्हणून मग दुधाची पिशवी नाहीतर थर्माकोल चुलीत जातो. हे आजपासून बंद करा, कारण जळत्या प्लास्टिकचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी असतो. पेटवायला सुक्या झावळीच्या काड्या पुरतात. जमलं तर चूल मागच्या अंगणात पत्र्याखाली हलवा, नाहीतर न्हाणीला वरच्या बाजूने मोठा झरोका पाडा. गॅस गीझर घेणार असाल तर तो न्हाणीच्या बाहेरच बसवा. बंद न्हाणीत तो जीवावर बेततो.

मग झोपायची खोली. खाटेखाली रात्रभर जळणारी डासांची कॉइल काढून टाका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं आढळलं. मच्छरदाणी लावायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. म्हणून जाण्याआधी चारही खिळे ठोकून, दोऱ्या बांधून, ती खाली सोडली की झालं अशी करून द्या.

सगळ्यात अवघड काम मिश्रीचं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी दातांना लावून ओट्यावर बसायचं, ही आपल्या आया-काक्यांची कित्येक वर्षांची सवय. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. डबी हिसकावून घेऊ नका, आई लपवून लावू लागेल. बीपी मोजायचं यंत्र घरी असेल तर मिश्रीच्या आधी आणि नंतर तिच्यासमोर मोजा. आकडा वाढलेला दिसला तर तो तिला तुमच्या बोलण्याआधी पटेल. मग आधी दुपारची बंद, नंतर रात्रीची, शेवटी सकाळची. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं ती म्हणेलच. तेव्हा सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवून बघा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.

हापूसच्या बागांशेजारी घर असेल तर मोहोर आल्यापासून फवारणीचे दिवस आधी विचारून ठेवा. त्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत, पाण्याच्या हंड्यांवर झाकण. फवारणीचे कपडे म्हाताऱ्या आईच्या हाती धुवायला देऊ नका, ज्याने फवारलं त्याने हातमोजे घालून वेगळे धुवावेत. काही कीटकनाशकांनी हृदयाचे ठोके मंदावतात. खूप घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या तर औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

आता स्वयंपाकघर. २०२४ साली इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेले चरबीचे थर तपासले. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण सापडले, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण चौपटीहून जास्त होतं. कारण प्लास्टिकच, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी कढत पेज किंवा आमटी प्लास्टिकच्या डब्यात ओतू नये, एवढं तरी पाळावंच. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट आंबट रस, काचेच्या बाटलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. कोकमाचं आंबट कालवण कल्हई गेलेल्या पितळेत नको. कल्हई करताना शुद्ध कथीलच वापरायला सांगा, भेसळीच्या कथलात शिसं असू शकतं.

शिसं रक्तदाब वाढवतं आणि वर्षानुवर्षं हाडांत साठून राहतं. म्हातारपणी हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं. म्हणून गणपतीआधी दारं-खिडक्यांचा जुना रंग कोरडा खरवडू नका. ओला करून खरवडा, आणि तेवढे दिवस आई-वडिलांना शेजारी पाठवा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचा रंग संशयास्पदच धरावा.

यातलं काहीही केलं तरी बीपीच्या किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू देऊ नका. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाला झटका येताना छातीत दुखतंच असं नाही. नुसती धाप लागणं, घाम फुटणं, अचानक गळून जाणं एवढंच दिसू शकतं. तसं झालं तर १०८ ला फोन लावायचा, हे शेजारच्या घरालाही सांगून ठेवा.