डिझेल वाचवलं, बॅटऱ्या गेल्या

घारापुरीला समुद्राखालच्या केबलमधून वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. मी लोहार चाळीत एका सोलरवाल्याकडे नुकताच लागलो होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात बेटावरच्या एका खानावळीला आम्ही पॅनेल, १२ व्होल्टच्या चार ट्युब्युलर (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) बॅटऱ्या आणि छोटा डिझेल जनरेटर बसवून दिला.

पावसात समुद्र खवळला की लाँच बंद. डिझेलचा कॅन मिळेल त्या होडीतून आणायचा आणि जेटीवरून खांद्यावर वाहायचा. ते बघून मीच सांगितलं, "काका, इन्व्हर्टर ओरडला तरच जनरेटर लावा, आणि तासाभरात बंद करा."

डिझेल वाचलं. पण जूनपासून बॅटऱ्या एकदाही पूर्ण भरल्या नाहीत. गणपतीनंतर गेलो, दिवसभर चार्ज करून हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) बुडवला. १.२४ यायला हवं तिथे रीडिंग १.१९ च्या पुढे सरकेना. अर्धवट चार्जवर महिनोन्‌महिने राहून प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं होतं. पुढच्या पावसाळ्याआधी चारही बदलाव्या लागल्या. खानावळ छोटी, तो खर्च त्यांना जड गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवीन मुलांनो, हा हिशोब कागदावर करून बघा. चार बॅटऱ्यांची बँक, म्हणजे अख्खा संच, ८० हजारांची, ४८ व्होल्ट २०० अँपिअर-अवर, म्हणजे ९.६ युनिट. रोज निम्मी वापरली आणि १,२०० सायकल (एकदा वापरून परत भरली की एक सायकल) चालली, तर बॅटरीचा खर्च युनिटमागे १४ रुपये पडतो. तीच ३०० सायकलमध्ये मेली तर ५६ रुपये. डिझेल ९० रुपये धरा. जनरेटरवर नीट लोड असेल तर लिटरला तीनेक युनिट मिळतात, म्हणजे ३० रुपये. जवळजवळ रिकामा फिरवला तर त्याच्या दुप्पटही पडतात.

आणि रिकामा तो कधी फिरतो? शेवटचे २० टक्के भरताना. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भरपूर करंट घेते, मग करंट आपोआप उतरत जातो आणि उरलेलं भरायला तासन्‌तास लागतात. म्हणून जनरेटर सकाळी लावायचा, चार्ज निम्म्यावर असतानाच. पंप, मिक्सर त्याच वेळात उरकायचे. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती लावून करंट मोजायचं मीटर) करंट निम्मा झाला की बंद, बाकीचं ऊन भरतं. संध्याकाळी लावलात तर ही शेवटची शेपटी भरायला ऊनच उरत नाही.

पावसाळ्यात मात्र आठवड्यातून एक दिवस ती शेपटीही डिझेलवरच भरायची. तासाच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटीची दोन रीडिंग सारखी येईपर्यंत जनरेटर थांबवायचा नाही. ते डिझेल बॅटरीच्या खात्यात लिहा. (लिथियमला अर्धवट चार्ज बाधत नाही, तिथे हा नियम लागू नाही.)

२०१७ मध्ये काकांनी कॅलेंडरवर दर सोमवारी खूण केली होती, बाजूला पेन्सिलने रीडिंग. गणपतीनंतर मी २४ सेल एकेक करून तपासले. एकही १.२३ च्या खाली नव्हता.