मुंबई ते सिंगापूर: अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि हिशोब कसा लावायचा

आधी सरळ आकडा. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किमी, डायरेक्ट फ्लाइटला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. एवढंच हवं होतं तर इथेच थांबा, पण तिकीट बघताना डोकं चक्रावत असेल तर पुढे वाचा.

तिकिटावर दोन वेळा असतात आणि दोन्ही आपापल्या गावच्या, सगळा घोळ तिथेच. समजा रात्री ११:३० ला मुंबईहून निघालात आणि सकाळी ७:३० ला पोचलात, तर बोटांवर मोजून आठ तास होतात, पण सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणून ते वजा करा, उरले साडेपाच. येताना उलटं करायचं, तिकडून संध्याकाळी ७ ला निघून इकडे रात्री १०:१० ला उतरलात तर फक्त तीन तास दहा मिनिटं दिसतात, त्यात अडीच मिळवा, म्हणजे ५ तास ४० मिनिटं. पूर्वेला जाताना वजा, पश्चिमेला येताना बेरीज, बस. (१९८२ च्या आधी हा फरक दोनच तास होता, मग त्यांनी घड्याळ अर्धा तास पुढे नेलं. म्हणून तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेसहाला उतरलात आणि बाहेर अंधार दिसला तर दचकू नका.)

अंतर स्वतः काढायचं असेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, मुंबई एअरपोर्टवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि मग चांगी एअरपोर्टवर क्लिक करा. अंतर कळलं की किमीला ८५० ने भागा आणि वर पाऊण ते एक तास टाका, कारण तिकिटावरच्या वेळेत रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं धरलेलं असतं. ३,९०० भागिले ८५० म्हणजे साडेचारच्या थोडं वर, अधिक हा तास, आला ना साडेपाच! विमान दख्खनवरून आंध्रच्या किनाऱ्याकडे, मग बंगालचा उपसागर, निकोबारच्या आसपासून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे असं जातं, त्यामुळे पावसाळ्यात ढग चुकवत थोडं वाकडं गेलं तर मिनिटं वाढतात.

हाच हिशोब दिल्ली-टोकियोला लावलात तर मात्र फसाल, तिथे वरचे पश्चिमी वारे जोरदार असतात, हिवाळ्यात तर फारच, त्यामुळे जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर, येतानाची फ्लाइट दीड-दोन तास जास्त घेते. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे आपल्याला एवढा फरक जाणवत नाही.

क्वालालंपूर किंवा कोलंबोमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ॲपवरचा एकूण वेळ बघा, तो थांब्यासकट असतो.

आणि तारीख! १२ तारखेची रात्री १२:२० ची फ्लाइट म्हणजे ११ तारखेला रात्री सव्वानऊपर्यंत एअरपोर्टवर पाहिजे, १२ ला जेवून निघालात तर विमान कधीच गेलेलं असेल. पुण्याहून येणाऱ्यांनी त्याच्याही आधी एक्सप्रेसवेचे चार तास धरा, शुक्रवार असेल तर पाच.